पुढचा ब्रेक

"पाय! पाय कुठाय तुझा? आधी मागच्या ब्रेकवर पाय ठेव, मग गाडीला हात लाव!"

आण्णा माळावर उभं राहून असे ओरडले की पलीकडं चरणाऱ्या म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. जालिंदरनं हसू दाबलं आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला. मी त्याच्या मागं दोन्हीकडं पाय टाकून बसले होते. त्या काळी आमच्या गावात पोरगी अशी बसली की बायका तोंडाला पदर लावायच्या. पण इथं खुद्द आण्णांचाच हुकूम होता, मग कोण बोलतंय?

"कुंदे, तू हलायचं न्हाई. ह्यानं गाडी थांबवली आन् तुझं डोकं ह्याच्या पाठीला लागलं, तर ह्यानं गाडी थांबवली न्हाई, आपटली असं समजायचं."

"म्हणजे चूक ह्याची आणि टेंगूळ मला," मी म्हटलं.

"तुझ्या जिभेला हाड न्हाई, तसं डोक्यातबी नसंल. टेंगूळ येत न्हाई. चल रं!"

आमचे आण्णा म्हणजे ज्ञानू डायवर. उभा जन्म एसटीत गेला, तोही घाटातल्या गाडीवर. एक अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते सदऱ्याला लावून लग्नकार्याला जायचे. "माझ्या गाडीत उभी ऱ्हायलेली बाई कधी पुढं झोकली न्हाई," हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. आई आम्ही लहान असतानाच गेली. आण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. ड्युटीवरून येऊन जाडजूड भाकऱ्या थापायचे आणि आम्हा बहीणभावाला दोन्ही बाजूंना बसवून जेवायचे. माझ्या वेण्यासुद्धा त्यांनीच घातल्या. स्टिअरिंग धरल्यासारख्या घट्ट घालायचे, दिवसभर डोळे ताणलेले राहायचे माझे.

आमचं गाव पाटणच्या पलीकडं, घाटमाथ्याला लागून. गावाचं शेवटचं घर ओलांडलं की रस्ता थेट कोकणात उतरतो. जालिंदरला खाली चिपळूणला शेतीच्या औषधांच्या दुकानात नोकरी लागली आणि त्यानं जुनी मोटरसायकल घेतली. रोज घाट उतरायचा आणि चढायचा. आण्णांनी गाडी अंगणात आल्या आल्या सांगून टाकलं, "चालवायला कुणीबी चालवतंय. थांबवायला मी शिकवणार. त्याबिगर घाटात चाक घालायचं न्हाई."

आणि शिकवायला लागले की आण्णांचं सगळं रूप पालटायचं. आवाज खाली यायचा. उंबऱ्यावर बसून गोष्ट सांगावी तसं सांगायचे.

"वेग आधी इंजिनानं मोडायचा. चौथ्यातनं तिसरा, तिसऱ्यातनं दुसरा. इंजिन कण्हायला लागलं की समजायचं, गाडी तुझी झाली. मग पायानं मागचा ब्रेक. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. रेटून धरलास तर चाक अडकंल आन् गाडी घसरंल. आन् पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल केलीस, तर माझ्यापरास वाईट कुणी न्हाई."

"आणि पुढचा ब्रेक?" जालिंदरनं विचारलं.

"पुढचा हाय कुठं? तो न्हाईच असं समजायचं."

"असं कसं आण्णा? गाडी घेतली तिथला मेकॅनिक म्हणाला, थांबवायला पुढचाच खरा. ब्रेक मारला की सगळं वजन पुढं येतं. फक्त एकदम दाबायचा नाही, हळूहळू आवळायचा."

"त्या मेकॅनिकनं घाटातनं किती मढी उचलली?"

आम्हाला ती हकीकत ठाऊक होती. आण्णांच्या गाडीपुढं एकदा एका पोरानं मोटरसायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला होता. गाडी नाकावर उभी राहिली आणि पोरगा हँडलवरून रस्त्यावर. आण्णांनी त्याला एसटीत घालून दवाखान्यात नेलं, पण वाटेतच, आण्णांच्या मांडीवर, तो गेला. आण्णा त्या दिवसापासून दिसेल त्या मोटरसायकलवाल्याला सांगत सुटायचे, पुढच्याला हात लावू नका. गावात निम्मे लोक मानायचे. निम्मे हसायचे.

तर त्या दिवशी माळावर जालिंदरनं तीनचारदा गाडी झकास थांबवली. माझं कपाळ त्याच्या पाठीला लागलं नाही. आण्णा खूश झाले. मग जालिंदरच्या डोक्यात काय किडा वळवळला देव जाणे. वळताना, खडीवर, हँडल वाकडं असताना त्यानं पुढचा ब्रेक दाबून बघितला. चाक सटकलं आणि आम्ही दोघंही जमिनीवर. माझं नुसतं कोपर सोललं, पण जालिंदरची हनुवटी फुटली आणि शर्टाचा पुढचा भाग रक्तानं भरला.

आण्णा धावत आले. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. पण ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. टोपी काढून त्यांनी ती जालिंदरच्या हनुवटीवर दाबून धरली.

"शपथ घे," ते म्हणाले.

"शप्पथ, आण्णा. पुढच्याला हात लावणार नाही."

घरी जाताना आण्णा पुढं चालत होते आणि आम्ही दोघं गाडी ढकलत मागं. जालिंदर हळूच मला म्हणाला, "हँडल वाकडं होतं म्हणून पडलो गं. पण जाऊ दे. म्हाताऱ्याचा जीव केवढासा झालाय बघितलंस ना? रोज आपला मागचाच वापरायचा. वेळ आलीच, तर पुढचा आहेच की."

वेळ आली ती दिवाळी होऊन गेल्यावर, भर दुपारी. जालिंदर उशिरानं निघाला होता. घाटातल्या दुसऱ्या वळणापलीकडं कांद्याचा ट्रक टायर फुटून मधोमध उभा होता. जालिंदर त्याच्या मागच्या बाजूवर जाऊन आदळला. जागच्या जागी गेला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही आणि आठवायचंही नाही. तीन दिवसांनी घरातली गर्दी हटली, तेव्हा आण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवसापासून त्यांच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. मी भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून पुढं धरला, तर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"कुंदे, गाडी कुठाय?"

"घाटाखालच्या पोलीस ठाण्यात. आज तपासून देणार आहेत. इलाहीभाई टेम्पो घेऊन येतोय, मी जाऊन आणते. पण आण्णा, ती गाडी घरी कशाला? तिथंच देऊन टाकू भंगारात."

"न्हाई. आण. मला तिच्या पुढच्या ब्रेकची लिव्हर बघायचीय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. भिंतीकडं बघत, जणू भिंतीलाच सांगत होते.

"त्याची हनुवटी फुटल्यापासनं मला झोप नव्हती. पोरगं हाय, शपथ मोडंल, दाबंल कधीतरी. म्हणून अपघाताच्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर मी पुढच्या चाकापाशी बसलो आन् ब्रेकच्या तारेचा नट पार ढिला करून टाकला. म्हटलं, दाबला तरी लागायला नगं. गाडी उलटायला नगं. आता सारखं मनात येतंय... ढिला केला म्हणून तर न्हाई?"

"आण्णा!"

"थांब. ऐक. लिव्हर घट्ट आसली, तर त्यानं वाटंत थांबून नट परत आवळला, पुढचा दाबला आन् गेला. माझं ऐकलं न्हाई. पण ढिलीच आसली..." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ढिलीच आसली, तर माझ्या हातानं गेला. मग मला ह्या घरात बसून खायचा हक्क न्हाई."

आण्णा बोलल्यासारखं करणारे होते. परड्यात विहीर होती. मी इलाहीभाईच्या बायकोला आण्णांपाशी बसवलं आणि टेम्पोत चढले. वाटभर देवाला एकच सांगत होते, घट्ट असू दे, लिव्हर घट्ट असू दे.

इलाहीभाई म्हणजे आमचा गिरणीवाला. गावाच्या अगदी टोकाला, घाट सुरू होतो तिथं त्याची पिठाची गिरणी. जालिंदरपेक्षा मोठा, पण दोस्त.

ठाण्याच्या आवारात तपासणीला आलेला साहेब गाडीपाशी उकिडवा बसला होता. पुढचं चाक वाकलं होतं, दिवा फुटला होता. साहेबानं पुढच्या ब्रेकची लिव्हर एका बोटानं ओढली. ती थेट मुठीला जाऊन टेकली. टक्.

"कोण तुम्ही? बहीण?" तो हळू आवाजात म्हणाला. माणूस चांगला होता. "मागच्या चाकाची घसरल्याची खूण रस्त्यावर लांबलचक आहे. पोरानं पाय रेटून ब्रेक मारलाय. हातही आवळला असणार, पण पुढचा लागतच नव्हता. दोन्ही लागले असते तर ट्रकच्या अलीकडंच थांबला असता हो. तारेचा नट एवढा सैल कसा काय ठेवला त्यानं?"

इलाहीभाईनं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. पोरानं वाटभर बापाचं ऐकलं होतं. मागचाच वापरला, म्हणून त्याला पत्ताच लागला नाही की पुढचा मेलाय. आणि वेळ आली तेव्हा त्याच्या हातात ती पोकळ लिव्हर आली. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

परत येताना घाट चढून झाला, गिरणी दिसायला लागली, तशी मी म्हटलं, "इलाहीभाई, टेम्पो थांबव. पान्हा आहे?"

त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. पान्हा काढून दिला. मी मागं चढले. पुढच्या चाकापाशी तारेच्या टोकाला तो नट होता. फिरवायला काही जोर लागला नाही. आण्णांनी जेवढा ढिला केला होता, तेवढा मी आवळला. लिव्हर ओढून बघितली. ताठ झाली.

"जाल्या, माफ कर रे," मी मोठ्यानं म्हटलं आणि तिथंच, त्या गाडीला धरून ओक्साबोक्शी रडले. कारण मला कळत होतं मी काय करतेय. माझ्या गुणी भावाला मी कायमचा बापाचं न ऐकणारा पोरगा करून टाकत होते.

"इलाहीभाई, साहेब काय म्हणाला ते..."

"साहेब काय म्हणाला?" तो म्हणाला. "टेम्पोच्या आवाजात मला काय ऐकू आलं न्हाई, ताई."

आण्णा अंगणातच उभे होते. गाडी उतरवली तशी कुणाचा हात न धरता तिच्यापाशी गेले, डोळे मिटले आणि लिव्हर दाबली. मग पुन्हा दाबली. ती ताठच राहिली. आण्णा तिथंच खाली बसले आणि छातीवर मारून घेत ओरडले, "घट्ट केलीस रं! माझं ऐकलं न्हाईस! जालू, माझ्या बाळा, का ऐकलं न्हाईस रं!"

त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी चुलीपाशी बसून तो एकेक घास त्यांच्या तोंडात जाताना बघत होते.

त्यानंतर आण्णा जगले. पण "माझ्या जालूनं माझं ऐकलं न्हाई" हे त्यांचं रोजचं भजन झालं. पारावर, लग्नात, कुणाच्या मयताला गेले तरी. गावातल्या आया पोरांना दटावायच्या, "मोठ्यांचं ऐक, न्हाईतर ज्ञानू डायवरच्या पोरासारखं होईल." मी ऐकायची आणि दात आवळून उभी राहायची. एकदा तर शाळेत गुरुजींनी पोरांपुढं जालिंदरचा दाखला दिला. त्या दिवशी मला वाटलं, भर शाळेत जाऊन ओरडावं, की अरे त्याच्यासारखं ऐकणारं पोरगं ह्या पंचक्रोशीत नव्हतं!

ओरडले नाही. आण्णा जिवंत होते, तेवढं मला पुरे होतं.

पुढं मला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. लोक मला ढोरांची डॉक्टरीण म्हणतात. खालच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन गाईम्हशींना लस टोचायची. एसटी जाईल तिथंच गाय आजारी पडेल असं थोडंच आहे? गाडी हवी होती. मी जालिंदरचीच गाडी दुरुस्त करून घेतली. आण्णांनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी म्हणाले, "चालव. पण रोज सकाळी गाडी मी बघणार."

आणि सुरू झालं. रोज सकाळी मी डबा भरत असताना आण्णा अंगणात पुढच्या चाकापाशी बसायचे आणि नट चाचपून आणखी ढिला करायचे. मग लिव्हर दाबून बघायचे. ती मुठीला टेकल्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. टक्. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून माझ्या हातातली वाटी पडली. तोच आवाज. नंतर सवय झाली म्हणवत नाही, पण हातातली भांडी पडेनाशी झाली.

"जा आता," आण्णा म्हणायचे. "सावकाश. गिअरवर उतर."

त्यांना काय सांगणार? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी सावकाश गिरणीपर्यंत जायची, गाडी गिरणीच्या आडोशाला घ्यायची, पिशवीतला पान्हा काढून नट आवळायची आणि मगच घाटाला लागायची. संध्याकाळी येताना पुन्हा गिरणीपाशी उतरून ढिला करायची, कारण सकाळी आण्णा बघणार. घट्ट सापडला असता, तर पोरगीपण भावाच्या वाटेनं निघाली म्हणून म्हातारा झुरून मेला असता.

इलाहीभाई गिरणीच्या दारातून पिठानं पांढरा झालेला चेहरा काढून चेष्टा करायचा. "आली का बाई वडाला फेऱ्या घालायला?"

"तू दळण बघ. मागच्या वेळी ज्वारीत कुणाचे गहू मिसळलेस?"

असं वर्षानुवर्षं चाललं. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, त्याला दुसरी कारणं होती. मी आणि आण्णा, दोघंच घरात. रोज सकाळी ते ढिला करायचे, रोज सकाळी मी घट्ट करायची.

एकदाच घोटाळा व्हायची पाळी आली. आण्णांच्या छातीत दुखायला लागलं आणि चिपळूणला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. इलाहीभाईचा टेम्पो बिघडलेला. आण्णा म्हणाले, "तुझ्या गाडीवर बसतो की मागं."

सकाळी नट ढिला करून झालेला, आणि आता आण्णाच मागं बसलेले. घट्ट कधी करणार? ढिल्या ब्रेकनं म्हाताऱ्या बापाला घेऊन तो घाट उतरायचा? तेही ते दुसरं वळण? तोंडानं रामराम म्हणत मी गाडी काढली. गिरणी जवळ आली, तशी आण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांब गं जरा. इलाहीला एक निरोप द्यायचाय."

देव पावला! आण्णा काठी टेकत गिरणीत गेले आणि मी पिशवीतून पान्हा काढून चाकापाशी बसले. आण्णांना आत चांगलाच वेळ लागला. ते बाहेर आले तेव्हा मी साळसूदपणे गाडीवर बसले होते.

घाटात मी इंजिनावर गाडी उतरवली. तिसऱ्यात, मग दुसऱ्यात. वळणांवर पायानं मागचा आणि हातानं पुढचा, दोन्ही मिळून, हळूहळू आवळत. माझी बोटं लिव्हरवर होती. मागून त्यांना दिसली असणार, पण ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. दवाखान्यापुढं मी गाडी उभी केली तेव्हा त्यांचं डोकं माझ्या पाठीला लागलं नव्हतं.

उतरल्यावर ते म्हणाले, "गाडी चांगली थांबवतीस."

आयुष्यात त्यांनी माझ्या गाडीचं तेवढंच कौतुक केलं. मी हरखून गेले, दुसरं काही डोक्यात आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. झोपेतच. जालिंदरसारखं नाही, शांतपणे. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले आणि मी कामावर जायला निघाले. डबा भरला. अंगणातून आवाज आला नाही. मी उगीचच जरा वेळ हातात झाकण धरून उभी राहिले, मग गाडी काढली.

गिरणीपाशी आले आणि सवयीनं आडोशाला उतरले. पिशवीत हात घालून पान्हा काढला, चाकापाशी बसले आणि नटाला लावला. नट हलेना. घट्टच होता. आण्णा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या आजारपणाच्या घाईत माझा तो ढिला करायचा राहून गेला होता, आणि त्यानंतर तो ढिला करणारं कुणी उरलं नव्हतं.

मी तिथंच बसून राहिले. गिरणी बंद झाली आणि इलाहीभाई हात झटकत बाहेर आला.

"ताई, एक सांगायचंय. आण्णांनी शपथ घातलीती. ते हायत तवर न्हाई सांगायचं म्हणून."

"काय?"

"आण्णांना ठाऊक होतं."

मी वर बघितलं.

"लई वर्सं झाली. तू नव्यानं गाडी चालवायला लागलीतीस. आण्णा दळण घेऊन आलते, आत पोत्यापाशी उभे होते. त्यांनी त्या झरोक्यातनं तुला नट आवळताना बघितलं. तू गेलीस आन् मला म्हणाले, 'इलाही, ही का घट्ट करती?' मी म्हटलं, मला काय म्हाईत. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'माझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय. पुढचा ब्रेक लागतोय ते बरं का वाईट, खरं सांग.' मग मला खोटं बोलवंना, ताई. तू दुसऱ्या दिवशी ढिल्या ब्रेकनं घाटात गेली असतीस तर? मी म्हटलं, आण्णा, पुढच्याबिगर उतारावर गाडी थांबत न्हाई. मग त्यांनी ठाण्यातलं विचारलं. टेम्पोतलं विचारलं. मी सगळं सांगितलं."

"आणि तरी ते रोज ढिला करत होते?"

"मीबी हेच विचारलं. म्हणाले, 'थांबलो तर तिला कळंल मला कळलंय म्हणून. तिनं एवढं केलं माझ्यासाठी. तिला वाटू दे, म्हाताऱ्याला काय ठाऊक न्हाई.' रोज तू गेलीस की मागनं यायचे काठी टेकत. दारातनंच विचारायचे, 'केला का घट्ट?' मी केला म्हटलं की मग घरला जाऊन चहा प्यायचे. त्या चिपळूणच्या दिवशी निरोप कसला आन् काय! आत आले आन् भिंतीकडं तोंड करून उभे ऱ्हायले. 'झालं का तिचं?' मी झरोक्यातनं बघितलं, म्हटलं, झालं. मग बाहेर आले."

माझ्या हातातला पान्हा खाली पडला. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"जालूबद्दल काही बोलले?"

"एकदाच. त्याच दिवशी." इलाहीभाईनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "म्हणाले, 'माझ्या पोरानं ऐकलं, इलाही. शेवटपातूर माझं ऐकलं त्यानं. आन् आता मला जन्मभर चारचौघांत म्हणावं लागणार, ऐकलं न्हाई म्हणून.' मग मला म्हणाले, 'गिरणी चालू कर.' आत काय दळायला नव्हतं, रिकामीच चालू केली. त्या पोत्यावर बसले आन् लई रडले. बाहेर कुणाला ऐकू गेलं न्हाई."

मी उठले. गिरणीच्या आत गेले. कोपऱ्यात पोतं होतं. त्याच्यावर बसले.

"इलाहीभाई," मी म्हटलं, "गिरणी चालू कर."